कौटुंबिक पार्श्वभूमी, शिक्षण आणि ओळख : दहावीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या का होतात?



"घरचं बॅकग्राउंड काय?" हा प्रश्न आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत विचारतात, खोली भाड्याने देताना विचारतात आणि कंपनीच्या मुलाखतीतही विचारतात. शाळेच्या प्रवेश अर्जावरही तो असतोच. तिथे त्याचे रकाने पाडलेले असतात : पालकाचे शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, जात. आपण दर जूनला ते रकाने भरून घेतो आणि फाईल कपाटात ठेवून देतो.

पुढे त्याच मुलांबद्दल शिक्षक खोलीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "त्याच्या घरचं वातावरणच तसं आहे, आपण काय करणार?" दुसरं, "मेहनत केली की कुणीही वर येतं, परिस्थितीचं कारण सांगू नये." पहिल्या वाक्यात शाळेला काही कामच उरत नाही. दुसऱ्यात सगळा भार मुलाच्या डोक्यावर जातो. या पाठात आपण पिंपरी-चिंचवड ते चाकण या आपल्याच पट्ट्याच्या आधाराने पाहूया, की घराची पार्श्वभूमी नेमक्या कोणत्या वाटेने मुलाच्या आयुष्यात शिरते, आणि त्यातल्या कोणत्या वाटेवर शाळेचा हात पोहोचतो.

१. एका वर्गात चार प्रकारची घरं

आपल्या वर्गात कोण बसलंय हे समजायला या भागाचा इतिहास थोडा आठवावा लागतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबं पिंपरीत आली. 'पिंपरी कॅम्प' हे नाव तिथूनच आलं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ म्हणजे आपली एमआयडीसी आली. त्याच दशकात टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स, आणि बजाज इथे रुजल्या. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १० लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती १७ लाखांच्या पुढे गेली. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी माहीत असलेल्या चाकणला १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, आणि नंतर रांगच लागली.

या प्रवासामुळे आज आपल्या एका वर्गात साधारण चार प्रकारच्या घरांतली मुलं असतात.

पहिलं घर कायम कामगाराचं. आजोबा किंवा वडील सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेशातून आले, कंपनीत 'परमनंट' झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी, कँटीन, कंपनीची बस, आणि प्राधिकरणात किंवा आसपास स्वतःचं घर.

दुसरं घर गाववाल्यांचं. भोसरी, मोशी, चिखली, महाळुंगे, निघोजे अशा गावांतली ही कुटुंबं. शेती संपादनात गेली किंवा विकली. आता भाड्याच्या खोल्या, टेम्पो, जेसीबी, लेबर सप्लाय असे व्यवसाय. लोक त्यांना 'गुंठामंत्री' म्हणून हिणवतात, पण त्या घरात शिकलेलं माणूस किती आहे हे कुणी विचारत नाही.

तिसरं घर ठेकेदारीवरच्या कामगाराचं. लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा, शिवाय उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून आलेलं. दहा बाय दहाची खोली, बारा तासांची पाळी, आणि ठेका बदलला की पत्ता बदलणार.

चौथं घर इंजिनिअर, अधिकारी आणि हिंजवडीत जाणाऱ्या आयटीवाल्यांचं. त्यांची मुलं बहुधा खाजगी इंग्रजी शाळेत असतात, त्यामुळे आपल्या वर्गात ती कमी दिसतात. पण पुढे कॉलेजात आणि नोकरीत आपल्या मुलांची गाठ त्यांच्याशीच पडते.

हे वर्गीकरण ढोबळ आहे. पण यातून एक गोष्ट लगेच लक्षात येते. दुसऱ्या घरात पैसा पहिल्यापेक्षा जास्त असू शकतो, तरी मुलाचं शिक्षण पहिल्या घरात जास्त नीट होताना दिसतं. म्हणजे 'वार्षिक उत्पन्न' हा एकच रकाना पुरेसा नाही.

२. घर मुलाला काय काय देतं?

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एकाच शाळेतल्या दोन मुलांना दहावीला ७८ टक्के पडले. दोघांनाही मशीनची आवड.

पहिल्याचा मामा कंपनीत मेंटेनन्सला आहे. निकालाच्या आधीच मामाने सांगून ठेवलंय, "पॉलिटेक्निकचा फॉर्म भर. कॅप राउंड म्हणजे काय ते मी सांगतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं." उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढून झालाय. पसंतीक्रम भरताना कोणतं कॉलेज वर टाकायचं हे मामाच्या साहेबांना विचारून ठरलं.

दुसऱ्याचे वडील आंबेठाण चौकातून रोज कंपनीच्या गाडीने जातात, ठेक्यावर. ते मुलाला म्हणतात, "तुला जे पटेल ते कर बाबा, मी पैशाचं बघतो." माया कमी नाही, इच्छाही कमी नाही. पण फॉर्म सुटल्याचं कळेपर्यंत पहिली फेरी संपलेली असते. मित्र जिथे गेला तिथे हा अकरावीला जातो. दोन वर्षांनी एखाद्या कंपनीत 'ट्रेनी' म्हणून लागतो, ठराविक महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो, मग दुसरी कंपनी. दोन वर्षांचा आयटीआय केला असता तरी पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची सोय आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

दोघांचे गुण सारखे होते, बुद्धी आणि मेहनतही सारखीच. फरक कुठे पडला? घर मुलाला चार गोष्टी देतं असं आपण मांडू शकतो :

- पैसा : फी, क्लास, मोबाईल, आणि मुलाने लगेच कमवायची गरज नसणं.
- माहिती : कोणता फॉर्म, कोणती तारीख, कोणती वाट पुढे कुठे निघते.
- ओळखी : कुणाला फोन करता येतो आणि समोरचा उचलतो का.
- नाव : आडनाव, जात, धर्म, भाषा, पत्ता. म्हणजे लोक मुलाला भेटायच्या आधी त्याच्याबद्दल काय ठरवतात.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू यांनी यातल्या पैशाखेरीजच्या गोष्टींना 'सांस्कृतिक भांडवल' आणि 'सामाजिक भांडवल' अशी नावं दिली. बी.एड.ला आपण हे शब्द पाठ केले असतील. वर्गात ते कसे दिसतात ते वरच्या दोन मुलांवरून कळतं. पैशाच्या बाबतीत शाळेला फारसं काही करता येत नाही. उरलेल्या तिन्ही बाबतींत करता येतं. म्हणून त्या एकेक करून पाहू.

३. ओळख हात देते आणि अडवतेही

या पट्ट्यात नोकरी 'लागते' म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी लावतं. भाऊबंद, गाववाला, जातीतला, युनियनमधला कुणीतरी. नव्या शहरात आलेल्या माणसाला हा मोठाच आधार असतो. पण याच आधाराची दुसरी बाजू दाखवणारा एक अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झालेला आहे.

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी मुंबईत दादरच्या शाळांत १९८२ ते २००१ या वीस वर्षांत दाखल झालेल्या मुलांच्या मराठी कुटुंबांचा अभ्यास केला. सुमारे ४,९०० कुटुंबं होती. २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १९९० नंतर अर्थव्यवस्था बदलली आणि इंग्रजी येणाऱ्यांचे पगार झपाट्याने वाढले. त्याबरोबर सगळ्यांनीच आपली वाट बदलायला हवी होती. पण ज्या जातींच्या पुरुषांना पिढ्यान् पिढ्या ओळखीतून कामगारांच्या नोकऱ्या मिळत होत्या, त्यांची मुलं मराठी शाळेतून त्याच जुन्या कामांकडे जात राहिली. ओळखीची वाट तयार होती, म्हणून नवी वाट शोधायची निकड नव्हती. मुलींचं उलट झालं. त्या ओळखींच्या जाळ्यात बायकांना जागाच नव्हती, मग त्यांना अडवणारंही काही नव्हतं. त्याच घरांतल्या मुलींनी इंग्रजीकडे वळून नव्या नोकऱ्यांची तयारी आपल्या भावांपेक्षा जास्त केली.

या अभ्यासाचा अर्थ 'मराठी माध्यम वाईट' असा काढू नका. लहान मुलाला आपल्या भाषेत शिकलेलं सर्वात नीट कळतं, हे आपण रोज पाहतो आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेवर भर देतं. धडा वेगळा आहे. जी ओळख वडिलांना नोकरी देऊन गेली, ती मुलाच्या काळात शिल्लक असेलच असं नाही. २००७ मध्ये बजाजच्या आकुर्डी कारखान्यातलं वाहनांचं उत्पादन थांबलं, तेव्हा आकुर्डी-निगडीतल्या अनेक घरांना हे कळलं. "मी साहेबांना सांगून तुला चिकटवतो" हा भरवसा तेव्हा एकाएकी जुना झाला. आज कंपन्या त्याच आहेत, पण कायम नोकऱ्या कमी झाल्या आणि ठेका वाढला. वडिलांच्या ओळखीने मुलगा गेटच्या आत जातो. आत गेल्यावर तो कुठवर चढेल, हे त्याच्या शिक्षणावर ठरतं.

गाववाल्यांच्या घरातही हेच वेगळ्या रूपात दिसतं. "आपल्याला काय नोकरी करायचीय? खोल्यांचं भाडं येतंय की." त्या मुलाला शाळेत रस कमी असतो, कारण घराची कमाई शिक्षणातून आली असं त्याने कधी पाहिलेलंच नसतं. पण जमीन एकदाच विकता येते. दोन भावांत वाटणी झाली की भाडंही अर्धं होतं.

४. नावाचं वजन

चौथी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण शिक्षकांनी बोलायलाच हवी. सारखी पदवी, सारखे गुण, आणि तरी फरक पडतो का? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा या विषयावरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी ठेवली, फक्त नावं बदलली : काही नावं उच्चवर्णीय हिंदू वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला एक-तृतीयांश. या अर्जदारांना कुणी पाहिलं नव्हतं, त्यांची मुलाखत झाली नव्हती. कागदावर फक्त नाव होतं.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या एचआर व्यवस्थापकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. सगळे म्हणाले, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, जात बघत नाही. पण 'फॅमिली बॅकग्राउंड' बघता का, असं विचारल्यावर ते होच म्हणाले. वडील काय करतात, घरी कोण शिकलेलं आहे, भावंडं काय करतात, यावरून मुलगा 'चांगल्या घरचा' आहे का ते ठरतं. पहिल्या पिढीत शिकलेल्या मुलासाठी हा प्रश्नच एक पायरी खाली नेणारा असतो. वडील ठेक्यावर लोडिंग करतात हे सांगताना त्याचा आवाज खाली जातो, आणि समोरचा लिहून घेतो : 'आत्मविश्वास कमी'.

आता याचा आपल्या वर्गाशी संबंध. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. ज्या गटात कुणाची जात सांगितली नाही, तिथे दलित आणि सवर्ण मुलांनी जवळपास सारखी कोडी सोडवली. ज्या गटात सुरुवातीला प्रत्येकाचं नाव आणि जात मोठ्याने जाहीर केली, तिथे दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. मुलं तशीच होती, कोडीही तशीच होती. फक्त एक वाक्य बोललं गेलं होतं.

मग आपल्या शाळांत अजूनही अधूनमधून ऐकू येणाऱ्या या वाक्याचा विचार करा : "स्कॉलरशिपवाले उभे राहा." शिष्यवृत्ती द्यायलाच हवी, तो मुलांचा हक्क आहे. पण नावं सगळ्या वर्गासमोर वाचायची काहीच गरज नाही. तेच 'यूपी-बिहारवाला', 'झोपडपट्टीतला', 'आरटीईतला' या शब्दांचं. मूल ते ऐकतं आणि साठवून ठेवतं.

५. कागदही पार्श्वभूमीच आहे

स्थलांतरित घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे कागद. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचं वास्तव्य ठराविक तारखेच्या आधीपासूनचं दाखवावं लागतं : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे चिखलीत राहणाऱ्या मुलीच्या दाखल्यासाठी लातूर किंवा बीडच्या गावात जाऊन आजोबा-पणजोबांच्या शाळेची किंवा महसुलाची नोंद शोधावी लागते. ज्या घरात आजोबाच शाळेत गेले नाहीत, तिथे ही नोंद मिळणं आणखी अवघड. त्यानंतर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात पडताळणी. आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबाला तिथली जात दाखवून इथल्या राज्याच्या राखीव जागेचा लाभ साधारणपणे मिळत नाही.

ज्या घराला हे माहीत आहे, ते आठवी-नववीतच कामाला लागतं. ज्या घराला माहीत नाही, ते बारावीच्या निकालानंतर सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहतं आणि मुदत निघून जाते. हे मुलाचं अपयश म्हणून नोंदलं जातं, आणि खरं कारण कुठेच लिहिलं जात नाही.

आरटीईचंही तसंच. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागा त्यात दुर्बल आणि वंचित घटकांसाठी आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्रात नियम बदलून ज्यांच्या जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे अशा खाजगी शाळांना यातून सूट देण्यात आली होती, तो बदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. पण ही सोय आठवीपर्यंतच असते. नववीत पूर्ण फी समोर येते आणि कित्येक घरं गोंधळून जातात. या मुलांचं नववीत काय करायचं, याची बोलणी सातवीतच सुरू व्हायला हवीत.

६. दोन मोठी माणसं आणि त्यांच्या मागची साधी माणसं

"परिस्थितीवर मात" म्हणून आपण जयंती-पुण्यतिथीला ज्यांची उदाहरणं देतो, त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट आपण बहुधा गाळतो.

पुण्याच्या जोतीराव फुले यांचं शिक्षण मधेच थांबलं होतं, ते मळ्यातल्या कामाला लागले होते. शेजारचे फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांना, गोविंदरावांना, समजावलं आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. सात वर्षांनी, १८४८ मध्ये, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी मांडली.

भीमराव आंबेडकर यांच्या घरी शिक्षणाची ओढ होतीच. वडील रामजी सुभेदार स्वतः सैन्याच्या शाळेत शिकवलेले. पण कॉलेजचा खर्च आणि वरच्या वर्तुळातली ओळख घराकडे नव्हती. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाने हा वाचणारा मुलगा हेरला. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर त्याला आपलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले.

दोघांची बुद्धी आणि कष्ट अफाट होते, त्यात शंका नाही. पण दोघांच्याही आयुष्यात नेमक्या वळणावर घराबाहेरचा एक माणूस उभा होता. घराकडे जी माहिती आणि ओळख नव्हती ती त्याने पुरवली. गोविंदरावांचं मन वळवलं गेलं नसतं तर काय झालं असतं? तशीच बुद्धी असलेली आणि असा शेजारी न भेटलेली किती मुलं त्या काळात मळ्यातच राहिली असतील? ही मुलं आजही आपल्या वर्गात आहेत.

७. शाळा काय करू शकते?

अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांचा मोठा अहवाल आला. सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवरून त्यांनी सांगितलं की मुलांच्या गुणांतला फरक इमारत आणि साहित्यापेक्षा घराच्या पार्श्वभूमीशी जास्त जोडलेला आहे. हे वाक्य सगळे सांगतात. त्याच अहवालातलं दुसरं कमी सांगितलं जातं : ज्यांना घरातून कमी मिळतं, त्या मुलांवर शिक्षकाच्या दर्जाचा परिणाम जास्त होतो. म्हणजे तिसऱ्या घरातल्या मुलाला आपली गरज सर्वात जास्त आहे.

करता येण्यासारखी कामं अशी :

- आठवीपासून 'कागदांची वही'. प्रत्येक मुलाचं जन्माचा दाखला, आधारवरचं नाव, जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासी दाखला यापैकी काय आहे आणि काय नाही, ते लिहून ठेवा. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का हे आत्ताच पाहा.
- आठवीची एनएमएमएस परीक्षा चुकवू देऊ नका. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिसऱ्या घरातल्या मुलासाठी ही रक्कम म्हणजे कामाला न जाता शाळेत थांबायची परवानगी असते.
- दहावीनंतरच्या वाटांचा एकच तक्ता भिंतीवर लावा : अकरावी, आयटीआय, डिप्लोमा, कंपनीतली ॲप्रेंटिसशिप. कोणती वाट पुढे कशाला जोडते हे बाणांनी दाखवा. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखालची रीतसर ॲप्रेंटिसशिप आणि ठेकेदाराकडचं 'ट्रेनी'पण यातला फरक मुलांना समजावून सांगा.
- पालकसभा सुट्टीच्या वारी घ्या. चाकणला बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नसते. "पालक येतच नाहीत" म्हणण्याआधी त्यांची पाळी विचारा.
- माजी विद्यार्थ्यांना बोलवा. आपल्याच शाळेतून शिकून डिप्लोमा केलेली, नर्स झालेली, क्वालिटीला लागलेली मुलगी अर्धा तास बोलली, तर बाहेरच्या वक्त्याच्या दोन तासांपेक्षा जास्त पोहोचतं.
- मुलाखतीचा सराव करून घ्या. "माझे वडील कंपनीत लोडिंगचं काम करतात, मी घरातला पहिला डिप्लोमाधारक आहे," हे वाक्य ताठ मानेने म्हणायचा सराव दहावीतच व्हायला हवा.

८. पालकांसाठी दोन शब्द

कायम कामगार पालकांना : तुमची ओळख मुलाला जरूर वापरू द्या, पण ती माहितीसाठी. तुमच्या कंपनीत आज कोणत्या पदाला कोणतं शिक्षण मागतात ते त्याला दाखवा. मुलीलाही दाखवा.

गाववाल्या पालकांना : भाड्याचा हिशेब मुलाला लिहायला लावा. कर, कर्जाचा हप्ता, वाटणी हे त्याच्या लक्षात आलं की गणिताचा तासही त्याला वेगळा वाटेल.

ठेक्यावर काम करणाऱ्या आई-वडिलांना : तुम्हाला फॉर्म भरता येत नाही यात कमीपणा नाही. पण महिन्यातून एकदा शाळेत येऊन "पुढची तारीख कोणती?" एवढं विचारा. खोली बदलली तर शाळेला नवा नंबर द्या.

आणि ज्यांची मुलं चांगल्या खाजगी शाळेत आहेत त्यांना : वर्गात आरटीईची मुलं आली की दर्जा घसरतो, ही भीती मनातून काढा. दिल्लीच्या खाजगी शाळांवरचा गौतम राव यांचा २०१९ चा अभ्यास सांगतो की गरीब वर्गमित्र मिळाल्याने सधन मुलं जास्त उदार झाली, भेदभाव कमी करू लागली, आणि त्यांच्या अभ्यासाचं फारसं काही बिघडलं नाही. दुसऱ्या बाजूने, राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोट्यवधी लोकांच्या मैत्रीची माहिती तपासली. जिथे गरीब आणि सधन घरांतल्या लोकांची मैत्री जास्त, तिथे वाढलेली गरीब मुलं पुढे जास्त कमावतात असं त्यांना आढळलं. वाढदिवसाला सगळा वर्ग बोलावलात तर खर्च थोडा वाढेल. एखाद्या मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी घरातलं पुस्तकांचं कपाट दिसेल.

९. वर्गात घेण्यासाठी कृती आणि प्रश्न (इयत्ता आठवी ते दहावी)

कृती : ओळखींचा नकाशा. प्रत्येक मुलाने आई-वडील सोडून ओळखीच्या पाच मोठ्या माणसांची कामं लिहायची. नावं लिहायची नाहीत. जात आणि उत्पन्न अजिबात विचारायचं नाही. सगळ्या चिठ्ठ्या फळ्यावर एकत्र मांडा. फिटर, नर्स, टेम्पोचालक, शिवणकाम, हवालदार, अंगणवाडी सेविका, सुपरवायझर अशी चाळीस मुलांची यादी केवढी तरी मोठी होते. मग विचारा, "यातलं कोणतं काम तुला जवळून पाहायचंय?" आणि ज्याच्या ओळखीचं ते माणूस आहे त्याच्याशी जोडी लावून द्या. एका घराकडे नसलेली ओळख वर्गाकडे असते.

चर्चेसाठी प्रश्न :

१) सारखे गुण मिळालेल्या दोन मुलांच्या वाटा वेगळ्या होण्याची तीन कारणं सांगा.
२) दादरच्या अभ्यासात मुली पुढे का गेल्या? आपल्या परिसरात आज काय दिसतं?
३) मुलाखतीत "वडील काय करतात?" हा प्रश्न विचारावा का? दोन्ही बाजू मांडा.
४) तुमच्या घराबाहेरच्या कोणत्या माणसाने तुम्हाला एखादी उपयोगी गोष्ट सांगितली? ती तुम्ही आणखी कुणाला सांगितली का?

प्रवेश अर्जावरचे रकाने आपण भरून घेणारच आहोत. या जूनला ते भरून झाल्यावर फाईल कपाटात ठेवण्याआधी एकदा चाळा आणि आठवी ते दहावीच्या ज्या मुलांच्या घरात दहावीपुढे शिकलेलं कुणीच नाही, त्यांची एक वेगळी यादी करा. पुढच्या उन्हाळ्यात, फॉर्म सुटायच्या आठवडाभर आधी, त्या घरांना एकेक फोन जायला हवा. यादी करायला अर्धा तास लागेल, फोन करायला एखादी संध्याकाळ.